भुसा, फेविकॉल आणि खरं बोलणं

गेल्या वर्षी जानेवारीत मी एका सागवानी दिवाणाच्या पायाला दोन सूत मोठी खाच पाडली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सोलापुरात वाढलेल्या माणसाला सूत म्हटलं की आधी धागाच आठवतो. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या शेडमध्ये मी रविवारी सुतारकाम शिकायला जातो, तिथे मापं अजून इंचात आणि सुतातच चालतात. दोन सूत म्हणजे पाव इंच. टेबलाच्या लांबीत पाव इंच कमी-जास्त झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सांध्यात तेवढंच चुकलं तर सगळं गेलं.

त्या पाव इंचाचं पुढे जे झालं, त्यामुळे 'खरं बोलावं' या शाळेपासून पाठ असलेल्या वाक्याबद्दल माझ्या मनात गोंधळ झाला. तो अजून पूर्ण मिटलेला नाही. हा लेख त्या गोंधळाबद्दल आहे.

सुतारकाम मी खरं तर आधी एकदा 'शिकलो' होतो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय असतो. त्यात लाकडाचे दोन तुकडे घेऊन एक सांधा करायचा, त्याला जॉब म्हणायचं, आणि जर्नलमध्ये त्याची आकृती काढायची. माझा जॉब मी केलाच नव्हता. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचे जॉब एकाच हाताने केलेले होते आणि तो हात विद्यार्थ्याचा नव्हता. मला त्यात चांगले मार्क मिळाले. त्यानंतर सहा-सात वर्षं मी कीबोर्ड सोडून कुठल्याच हत्याराला हात लावला नाही.

मिस्त्री पंचावन्नच्या पुढचे. त्यांच्या शेडच्या दोन्ही बाजूंना टॉवेलचे कारखाने आहेत. तिथले माग चालू असले की बोलायचं म्हणजे ओरडायचंच. मिस्त्रींची सुरुवात फर्निचरमधून झालेली नाही, मागांच्या लाकडी भागांची दुरुस्ती करण्यातून झाली. जुन्या यंत्रमागात धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. फेकणारा दांडा लाकडाचा असतो आणि तो मिनिटाला कित्येकदा धोट्याला ठोसा देतो. अशा दांड्याची दुरुस्ती चांगली झाली की वाईट, हे कळायला ग्राहकाची तक्रार यावी लागत नाही. माग चालू केला की दहा मिनिटांत लाकूडच सांगतं. पुढे बिनधोट्याचे माग आले, लाकडाचं काम कमी झालं, आणि मिस्त्री खोकी, चौकटी, दारं, पलंग यांच्याकडे वळले. पण त्यांची नजर मागावरच तयार झालेली आहे. सांधा दिसतो कसा, हे ते सगळ्यात शेवटी बघतात.

पहिले चार महिने त्यांनी मला फक्त धार लावायला आणि रंधा मारायला दिलं. रंधा सरळ बसला तर लाकडाची पातळ, लांब, कुरळी साल निघते. उलट्या रेषेवर मारला तर लाकूड उचकटतं आणि खड्डे पडतात. कुठली बाजू सुलटी हे आधी हाताने चाचपून बघायचं. पटाशीला धार आली की नाही, हे लाकडाच्या आडव्या टोकावर तासून बघायचं. तिथे लाकूड चुरगळलं तर पुन्हा दगडावर. लाकूड कापल्यानंतरही हलत राहतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, तिथे डोळ्यांनी पाहिलं. फळी लांबीत जवळपास आकसतच नाही, रुंदीत आकसते. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकी आकसते, तितकी वर्तुळांना आडव्या दिशेने आकसत नाही. फरक ढोबळमानाने दुपटीचा. म्हणून फळी वाकते, पिळते. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, हवा कोरडी, आणि मग पावसाळ्यात तीच फळी पुन्हा फुगते. चांगल्या सुताराला हे सगळं गृहीत धरून सांधा करावा लागतो.

दिवाणाचा सांधा साधा होता. पायात चौकोनी खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला त्या खाचेत बसणारी कूस. पायावर दोन रेघा होत्या. एक नवी, एक जुनी, खोडायची राहून गेलेली. मी आधी गिरमिटाने भोकं पाडली, मग पटाशीने कडा सरळ करत आणल्या, आणि आणल्या त्या जुन्या रेघेपर्यंत. कूस आत घातली तर ती खुळखुळ्यासारखी हलली.

लाकूड सागवान होतं, बल्लारशाहकडचं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं ते चंद्रपूरचं सागवान, हे मिस्त्री गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतात. पाय नवीन करायचा तर लाकूड पुन्हा आणायला हवं होतं आणि दिवाण चार दिवसांत द्यायचा होता. मिस्त्रींनी खाच बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. त्याच पायाच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी पाव इंचाची कपची काढली, तिच्या रेषा पायाच्या रेषांना समांतर येतील अशी बसवली, फेविकॉल लावून शिकंजात रात्रभर आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी खाच पुन्हा मापात तासली. कूस घट्ट बसली. वरून आरपार लाकडी खुंटी मारली. एवढं करून पट्टी आणि पायाच्या मध्ये एका बाजूला केसाएवढी फट राहिली. त्यात त्यांनी सागाचाच बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला, घासला, आणि पॉलिशनंतर मलाही ती जागा शोधावी लागली.

"भुशाला वजन द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "वजन कपची घेतंय. भुसा नुसता डोळ्याला." मग ते स्वतः त्या कोपऱ्यावर उभे राहिले. मलाही उभं केलं. दोघांचं मिळून दीडशे किलो तरी असेल. सांध्याने हूं की चूं केलं नाही.

दिवाण न्यायला गिऱ्हाईक आले त्या दिवशी मी शेडमध्ये होतो. जुळे सोलापुरात राहणारे, निवृत्त, सभ्य गृहस्थ. त्यांनी दिवाणावरून हात फिरवला, छान झालाय म्हणाले. आणि मला राहवलं नाही.

"काका, या उजव्या पायाच्या सांध्यात माझ्याकडून चूक झाली होती. खाच मोठी पडली. आत कपची घालून भरून घेतलंय."

"म्हणजे पाय फुटला होता?"

"नाही, फुटला नव्हता. खाच मोठी पडली होती."

"म्हणजे आता फेविकॉलवर उभा आहे."

याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. एका अर्थाने होय, फेविकॉलवरच उभा होता. त्या शेडमधली निम्मी-अधिक कामं फेविकॉलवरच उभी असतात आणि नीट आवळून चिकटवलेला सांधा बऱ्याचदा मोडायच्या आधी शेजारचं लाकूड मोडतं. पण हे मी बोलायला लागलो तेव्हा ते सारवासारवीसारखं ऐकू यायला लागलं. घासाघीस झाली. ठरलेल्या पैशांतून तीन हजार कमी झाले. याच गृहस्थांच्या घराची दोन दारं पुढे करायची असं बोलणं झालं होतं, ती दारं आली नाहीत. माझ्यामुळे आली नाहीत की दुसऱ्या कशामुळे, हे मला माहीत नाही.

टेम्पो गेल्यावर मी मिस्त्रींना तीन हजार देऊ केले. त्यांनी दीड घेतले. "खाच तू पाडलास. बघायचं काम माजं होतं." मग चहा आला. चहा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "खोटं बोल म्हणून कोण सांगितलं तुला? त्यांनी विचारले असते तर मी बी सांगितलो असतो. पण तू सांगितल्याव त्येंना काय कळलं? पाय मोडका हाय, हे कळलं. मोडकाय का पाय?"

पाय मोडका नव्हता.

मला राग आला होता, हे कबूल करतो. मी खरं बोललो आणि चूक माझीच ठरली, असा तो राग. अशा वेळी माझ्यासारखी माणसं वाचायला लागतात. आपल्या बाजूचं कुणीतरी सापडेल अशी आशा असते.

सापडलं. सिसेरोने इसवी सनपूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हाच प्रश्न आहे. एक माणूस घर विकतो आहे. घराचं लाकूड वाईट आहे, ते पडायला आलं आहे, खोल्यांमधून साप निघतात, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगायला हवं का? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जेवढं सांगायला लावलंय तेवढं सांगावं. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे माहीत आहे ते सगळं घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. मीही अर्थातच.

आपला कायदा बराचसा गुरूच्या बाजूचा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात उदाहरण आहे: लिलावात एकाने दुसऱ्याला घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. पण लगेच दुसरं उदाहरण येतं: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर त्याने सांगायला हवं. म्हणजे बोलण्याचं कर्तव्य घोड्याच्या खोटेवरच ठरत नाही, नात्यावरही ठरतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण याहून कडक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात हलक्या प्रतीचं लाकूड, लोखंड, सूत वगैरे उत्तम म्हणून विकणाऱ्याला मालाच्या किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. त्या अधिकरणाचं नावच 'कंटकशोधन', म्हणजे काटे काढणं. त्यात कारागिरांवरचं प्रकरण आहे, त्याच्या नावात 'रक्षण' हा शब्द आहे. मला आधी वाटलं, कारागिरांचं रक्षण. वाचल्यावर कळलं की ते कारागिरांपासून लोकांचं रक्षण आहे. व्यापारी आणि कारागीर यांना तिथे चोर न म्हणवले जाणारे चोर अशा अर्थाने मोजलं आहे.

इथे मी थांबलो. कारण मला हवा होता तो आधार मिळाला होता आणि तरी मिस्त्रींचा प्रश्न जागच्या जागी होता. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट गृहीत आहे: वस्तूत खोट आहे. लाकूड कुजलेलं आहे, घोडा आजारी आहे. दुसरी गोष्टही गृहीत आहे: विकणाऱ्याने सांगितलं की घेणाऱ्याला कळलं. माझ्या दिवाणाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. पायात खोट उरली नव्हती. आणि मी उच्चारलेला प्रत्येक शब्द खरा असूनही त्या गृहस्थांच्या मनात जे तयार झालं ते खोटं होतं. मी गप्प बसलो असतो तर 'दिवाण मजबूत आहे' हे खरं मत घेऊन ते घरी गेले असते. मी खरं बोललो आणि ते खोटं मत घेऊन गेले.

खरं बोलणं आणि समोरच्याला खरं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तोवर कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. पहिली माझ्यापुरती आहे. ती मी एका वाक्यात उरकू शकतो. दुसरीला वेळ लागतो. मला त्यांना सांध्याचा तुकडा दाखवावा लागला असता, कपची कुठे बसते, वजन कुठून कुठे उतरतं हे समजावावं लागलं असतं, त्यांना त्या कोपऱ्यावर उभं करावं लागलं असतं. मी यातलं काही केलं नाही. कारण, आता नीट पाहिलं तर, मला त्यांना काही कळवायचं नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं. कॉलेजातला तो दुसऱ्याने केलेला जॉबही त्या वेळी कुठेतरी डोक्यात असणार. माझी चूक मी काकांच्या हातात ठेवली, आणि तिचं काय करायचं हे त्यांच्यावर सोडलं.

इथपर्यंत आल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. 'ग्राहकाला कळणार नाही, त्याचा गैरसमज होईल, म्हणून सांगितलं नाही' हे वाक्य जगातला प्रत्येक लबाड माणूस वापरू शकतो. आमच्या धंद्यात तर ते छापील आहे. अॅपचं नवं व्हर्जन येतं, खाली लिहिलेलं असतं: किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा. त्या ओळीमागे कधी खरोखर किरकोळ काही असतं, कधी काही आठवडे लोकांना चुकीचे आकडे दाखवणारी चूक असते. ती ओळ मीही लिहिली आहे. तेव्हा भुशाने वजन घेतलेलं होतं आणि मला ते माहीत होतं.

मग सीमा कुठे? मला ती मिस्त्रींच्या वागण्यात दिसली, आणि ती दिसायला दिवाणानंतर काही महिने जावे लागले.

सागाच्या ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूचं लाकूड फिकट असतं. आतल्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, या फिकट लाकडाला लागते. पॉलिशमध्ये थोडा रंग मिसळला की दोन्ही सारखीच दिसतात. एक गिऱ्हाईक चौकटीसाठी आलं होतं आणि किंमत कमी करा म्हणून अडून बसलं होतं. मिस्त्रींनी पटकन दोन तुकडे काढून त्यांच्यापुढे ठेवले. "ह्यो घेतला तर स्वस्त पडंल. पण खालच्या बाजूला वाळवी लागंल, चार वर्सांनी मला शिव्या घालाल. ठरवा." गिऱ्हाइकाने काही विचारलेलं नव्हतं. सांगून मिस्त्रींचा फायदाही नव्हता. तो माणूस उठून दुसरीकडे गेला.

म्हणजे मिस्त्री न विचारता सांगतात. जे पुढे त्रास देणार आहे ते सांगतात. जे मागे घडून गेलं आणि निस्तरलं गेलं ते त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाचं नसतं, ते शेडचं असतं. शेडमध्ये मात्र ते कुणी लपवायचं नाही. माझी मोठी झालेली खाच त्या दिवशी तिथल्या पोऱ्यापासून सगळ्यांनी पाहिली होती आणि दोन्ही रेघांची चर्चा झाली होती. जुनी रेघ खोडल्याशिवाय पटाशी उचलायची नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

ही सीमा मला पटते, पण ती पूर्ण नाही हेही दिसतं. पुढे त्रास होणार की नाही हे कोण ठरवणार? कारागीरच. आणि त्याला ते न होण्यातच फायदा आहे. म्हणूनच अनोळखी माणसांमध्ये कायदे लागतात, शिक्के लागतात. प्लायवूडवर आयएस 303 किंवा 710 छापलेलं असतं, कारण विकणाऱ्याच्या शब्दावर चादर-टॉवेलसुद्धा कुणी घेत नाही. मिस्त्रींकडे शिक्का नाही. त्यांच्याकडे एवढंच आहे की त्यांची शेड त्याच जागी आहे आणि पाय हलला तर तुम्ही तिथे जाऊन भांडू शकता. गप्प राहण्याचा अधिकार मिळवायचा तर निदान सापडेल अशा ठिकाणी उभं राहायला हवं. आमची 'किरकोळ दुरुस्त्या' लिहिणारी माणसं कुठे सापडतात?

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला सगळ्यात जड जातं. आमच्या ऑफिसात चूक झाली की तिच्यावर बैठक होते आणि दोष कुणाला द्यायचा नाही असा नियम असतो. मी तिथे 'हे माझ्याकडून झालं' असं सहज म्हणतो, लोक त्याचं कौतुक करतात, आणि महिनाअखेरीला पगार तेवढाच येतो. ती सवय घेऊन मी एमआयडीसीत गेलो. तिथे कबुलीची किंमत रोख असते आणि त्या दिवशी ती दुसऱ्याच्या गल्ल्यातून गेली. दीड हजार मी भरले हे खरं. पण ती दोन दारं भरून देता येत नाहीत. कौटिल्याने लोकांना कारागिरांपासून वाचवायची व्यवस्था केली. हौशी खरं बोलणाऱ्यापासून कारागिराला वाचवायची व्यवस्था कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

तरीही पुन्हा तोच प्रसंग आला तर मी गप्प बसेन का? नाही बसणार, असं वाटतं. पण आधी मिस्त्रींना विचारेन, कारण शब्द माझा असला तरी माल त्यांचा आहे. आणि सांगेन तर पूर्ण सांगेन, सांध्याचा तुकडा हातात घेऊन, समोरच्याच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसेपर्यंत. तेवढा वेळ नसेल तर बोलायला सुरुवात करणार नाही.

ऑगस्टमध्ये, पाऊस चांगला पडून गेल्यावर, मी जुळे सोलापुरात त्या गृहस्थांच्या घरी गेलो. सांधा बघायचाय असं फोनवर सांगितलं होतं. त्यांनी आनंदाने बोलावलं. दिवाण हॉलमध्ये होता, वर सोलापुरी चादर. मी चादर वर करून पाय पाहिला, नखाने फट चाचपली, कोपरा दाबला. लाकूड पावसाने थोडं फुगून सांधा उलट अधिकच घट्ट झाला होता. मी त्यांना वहीत आकृती काढून सगळं समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. "तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलंत, बरं वाटलं. हल्ली कोण सांगतं?" असं म्हणाले.

मग चहा आला. ते दिवाणावर बसले. डाव्या टोकाला. तिथे चादर चुरगळलेली होती आणि गादी दबलेली. उजवीकडची बाजू फेब्रुवारीत गेली तशीच होती.